वर्गातच राहुटी: किनाऱ्यावरच्या शाळेसाठी आठवड्याचं शिबिर

'शिबिर' हा विषय घेऊन सजवलेल्या वर्गात बहुधा काय दिसतं? फळ्यावर रंगीत खडूने काढलेला तंबू, कोपऱ्यात थर्माकोलची शेकोटी, भिंतीवर छापील अस्वल. मुलं मात्र नेहमीसारखी रांगेत बसून नेहमीचीच गणितं सोडवत असतात, फक्त गणितातल्या आंब्यांच्या जागी तंबू आलेले असतात. एवढ्यासाठी आठवडा खर्ची घालायची गरज नाही. शिवाय देवगड-मालवणकडच्या पोराला अस्वलाचं काय? त्याच्या बागेत उतरतात ती माकडं, आणि रात्री कुत्रा उचलून नेतो तो बिबट्या.

शिबिराचा खरा उपयोग कधी होतो? मोजल्याशिवाय राहुटी उभीच राहत नाही, यादी वाचल्याशिवाय शिधा मिळत नाही, आणि आधीच्या पाळीने लिहून ठेवल्याशिवाय पुढच्या पाळीला काही कळत नाही, अशी मांडणी केली तर. पुढचं सगळं याच एका कसोटीवर बेतलं आहे. एखादी वस्तू वर्गात आणायची असेल तर विचारा, हिच्यावाचून मुलांचं कुठलं काम अडेल? काहीच अडत नसेल तर ती वस्तू घरीच राहू द्या.

उघड्यावर राहणं कोकणाला नवीन नाही. पिकात डुकरं घुसू नयेत म्हणून शेतात माळा, म्हणजे मचाण, बांधून रात्री जागणारे आजोबा अजून गावोगाव आहेत. जत्रेत दशावतार बघायला मुलं गोणपाट घेऊन जातात आणि पहाटेपर्यंत तिथेच लवंडतात. किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे रापणकर पहाटेच्या आधीपासून वाळूत असतात. तेव्हा हे शिबिर परदेशी चित्रांच्या पुस्तकातून उचलायचं कारण नाही. सामान गावात आहे, माणसंही गावातच आहेत.

कधी आणि किती दिवस

इथला आराखडा पहिली ते पाचवीच्या, पंचवीस-तीस पटाच्या, दोन शिक्षकांच्या शाळेसाठी आहे. सहा दिवस, रोज साधारण दीड तास, मधल्या सुट्टीनंतर. शनिवारी पूर्ण शाळा. बाकीचे तास नेहमीसारखेच घ्यायचे, पण राहुटी आठवडाभर वर्गात तशीच ठेवायची. रोज उभारून रोज पाडायची तर निम्मा वेळ त्यातच जातो.

डिसेंबरची अखेर ते जानेवारी हा काळ सगळ्यात बरा. भात घरात आलेलं असतं, त्यामुळे खळ्यावरच्या ताडपत्र्या मोकळ्या असतात. आकाश स्वच्छ असतं. आंब्या-काजूची धांदल अजून सुरू झालेली नसते, म्हणून पालकही सापडतात. जुलैत करायचं असेल तर तारे आणि सावली सोडून द्या, त्याऐवजी पाऊस मोजा. पत्र्यावर कोसळणाऱ्या पावसात राहुटीत बसून गोष्ट ऐकायला मजा येते, पण शिक्षकाचा घसा बसतो, हेही सांगून ठेवते.

वेळ कुठून काढायचा, ही अडचण आता पूर्वीइतकी नाही. राज्यात २०२४ पासून पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांना २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातले दहा दप्तरमुक्त दिवस आहेत. केंद्रप्रमुखांनी विचारलंच तर या दोन्ही गोष्टी तोंडावर असू द्या. त्याहून बरं म्हणजे कोणत्या दिवशी कोणती अध्ययन निष्पत्ती घेणार, हे एका पानावर लिहून आधीच देऊन टाका.

आधीच्या आठवड्यात

सगळ्यात आधी मुलांचे गट पाडा. इयत्तेप्रमाणे नको, मिसळून. एका गटात पहिलीचं एक, पाचवीचं एक आणि मधली तीन-चार, म्हणजे पाच-सहा जण. या गटालाही राहुटीच म्हणायचं. नावं मुलांनाच ठेवू द्या. कुरली, तारली, खेकडा, डॉल्फिन असलं काहीतरी निघतं. एखाद्या गटाला 'बांगडा' हवा असतो आणि दुसऱ्यालाही तोच हवा असतो, मग चिठ्ठ्या टाकायच्या. प्रत्येक राहुटीत राहुटीप्रमुख, शिधा सांभाळणारा, नोंदवही लिहिणारा, दोरी-काठीवाला आणि दवापेटीवाला असतो. कामं रोज बदलायची. नाहीतर अक्षर चांगलं असलेली एकच मुलगी आठवडाभर लिहीत बसते आणि ज्याने लिहायला हवं तो दोऱ्या ओढत राहतो.

सामान मुलांकरवीच गोळा करा. प्रत्येक गटाने घरी विचारायचं, काय मिळेल ते लिहून आणायचं, मग सगळ्या याद्या फळ्यावर एकत्र करायच्या. एवढ्यात तुमचा पहिला भाषेचा तास होऊन जातो. लागतं ते एवढंच: एक-दोन ताडपत्र्या, जुन्या साड्या किंवा चादरी, बांबूचे चार-पाच दांडे, सुतळी आणि काथ्याची दोरी, कपड्यांचे चिमटे, दोन टॉर्च, जुने पत्र्याचे डबे, पायली-शेर असतील तर ती मापं, मोजपट्टीची फीत आणि प्रत्येक राहुटीला एक नोंदवही. विकत घ्यावं लागतं ते फक्त सुतळी आणि टॉर्चचे सेल. तयार तंबू मागवू नका. तो पाच मिनिटांत उभा राहतो आणि पहिल्या दिवसाचं सगळं शिक्षण त्या पाच मिनिटांत संपतं.

ज्यांच्या घरून वस्तू आली त्यांची नावं एका कागदावर लिहून ठेवा. शेवटी परत करताना लागतील.

पहिला दिवस: राहुटी उभारणं

आठवड्यातला सगळ्यात श्रीमंत दिवस हाच, म्हणून याला हात सैल सोडून वेळ द्या. शिक्षकाने हात मागे बांधून उभं राहायचं. दोन गोष्टींतच मध्ये पडायचं: कुणाच्या डोक्यावर दांडा येत असेल तर, आणि खिडकीचे गज सैल असताना कुणी त्यालाच दोरी बांधत असेल तर.

आधी मापं. बाजारात ताडपत्री फुटांत मिळते, त्यामुळे फूटच घ्या. समजा 'दहा बाय बारा'ची आहे. मुलांपुढे प्रश्न ठेवा, ही मधोमध दोरीवर टाकली तर दोन्ही बाजूंना किती फूट उतरेल? पाच-पाच. आता दोरी चार फुटांवर बांधली तर ताडपत्रीची कड मध्यापासून किती लांब टेकेल? लहान मुलं उत्तर अंदाजाने सांगतात. ते फळ्यावर लिहून ठेवा, मग प्रत्यक्ष ताणून मोजा. बरोबर तीन फूट येतं. पाचवीच्या मुलांना इथेच थांबवा, कारण तीन-चार-पाचचा त्रिकोण त्यांच्या डोळ्यांसमोर उभा आहे.

हा त्रिकोण गावातल्या गवंड्याला पाठ असतो. पाया आखताना कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, घ्यायला तो हेच करतो. जमलं तर त्याला पंधरा मिनिटांसाठी बोलवा. एका दोरीला सारख्या अंतरावर खुणा करून बारा भाग पाडायचे, टोकं जोडायची आणि तिघांनी ती अशी ताणायची की बाजू तीन, चार आणि पाच भागांच्या होतील. चार भागांची आणि तीन भागांची बाजू जिथे मिळते तिथे काटकोन. त्याने वर्गाचा कोपरा तपासा. बऱ्याच शाळांचे कोपरे गुण्यात नसतात असं यातून उघड होतं, आणि मुलांना त्याचा कोण आनंद!

मग क्षेत्रफळ. राहुटीची जमीन सहा फूट रुंद आणि बारा फूट लांब, म्हणजे बहात्तर चौरस फूट. मांडी घालून बसलेल्या एका मुलाला दोन फूट बाय दोन फूट जागा धरली तर कागदावर अठरा मुलं मावतात. आता अठराजणांना आत बसवा. कडेच्यांची डोकी ताडपत्रीला लागतात, कुणी वाकून बसतं, कुणी बाहेर येतं, बाकीचे ओरडतात. असं का झालं हे मुलांनी शोधायचं. कडेपासून दीड फुटावर राहुटीची उंची जेमतेम दोन फूट आहे, म्हणजे उपयोगाची रुंदी मधली तीन फूटच. तेव्हा नऊजण. पुस्तकातलं क्षेत्रफळ आणि बसायची जागा यांतला हा फरक वहीतल्या आयतावरून कधीच कळत नाही.

पहिली-दुसरीची मुलं या सगळ्यात नुसती बघत राहू नयेत. त्यांना साड्या मोजायला द्या. आईची पाचवारी किती हात, आजीची नऊवारी किती हात, किती वीत, किती पावलं. प्रत्येकाच्या हाताने वेगळं उत्तर येतं, मग फीत का लागते हे वेगळं शिकवावं लागत नाही. त्याच साड्या राहुटीच्या दोन्ही तोंडांना पडद्यासारख्या लावता येतात. पण एक तोंड नेहमी उघडं ठेवा. बंद जागेत किंवा अंधारात घाबरणारं एखादं मूल प्रत्येक वर्गात असतं, आणि ते आपणहून सांगत नाही.

गाठींसाठी होडीवर जाणारा कुणी पालक बोलवा. होडी खुंटाला बांधायची गाठ, गुरं बांधायची पण गळ्याला फास न बसणारी गाठ, दोन वेगळ्या जाडीच्या दोऱ्या जोडायची गाठ, या तीन पुरेत. स्काऊटच्या पुस्तकात त्यांना क्लोव्ह हिच, बोलाइन, शीट बेंड म्हणतात, पण नाव महत्त्वाचं नाही. ओढल्यावर घट्ट होते आणि हवी तेव्हा सुटते, एवढं जमलं पाहिजे. गाठ शिकलेल्या मुलाने दुसऱ्याला फक्त शब्दांत ती सांगायची, हात न लावता. 'इकडून तिकडे घाल' एवढ्याने चालत नाही हे कळलं की 'वरून', 'खालून', 'मागच्या दोरीच्या पुढून' असे नेमके शब्द आपोआप यायला लागतात. सूचनालेखनासाठी याहून चांगला सराव मला ठाऊक नाही.

वर्गातल्या फरशीत खुंट्या मारता येत नाहीत. बांबू पत्र्याच्या डब्यात उभा करून डब्यात वाळू आणि चिऱ्याचे तुकडे भरा. ताडपत्रीच्या कडांवर पाण्याने भरलेल्या बाटल्या ठेवा.

गाऱ्हाणं

राहुटी उभी राहिली की शिबिराची सुरुवात गाऱ्हाण्याने करा. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे सगळ्यांच्या वतीने मोठ्याने केलेलं मागणं. घरी, देवळात ऐकलेलं असल्यामुळे मुलांना त्याची चाल तोंडपाठ असते. एकाने मागायचं, बाकीच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं. प्रत्येक राहुटीने आपलं गाऱ्हाणं स्वतः लिहायचं, स्वतःच्या बोलीत. किनाऱ्यावरच्या गावांत सगळ्या धर्मांची मुलं एका वर्गात असतात, म्हणून गाऱ्हाणं कुठल्या देवाला न घालता समुद्राला घालायचं. समुद्रावर सगळ्यांचा हक्क सारखाच. नमुना म्हणून फळ्यावर एवढं लिहून द्या:

बा समुद्रा म्हाराजा! — होय म्हाराजा!
आज ही पोरां तुझ्या कडेक राहुटी बांधून बसलीत. — होय म्हाराजा!
तेंच्या गाठी सुटाक देव नको. — होय म्हाराजा!
भागाकारात बाकी उरली तर ती बाईंच्या पदरात घाल. — होय म्हाराजा!

रत्नागिरीकडची मुलं हेच त्यांच्या बोलीत म्हणतील, रायगडकडची त्यांच्या. बोलीत लिहिलेलं तपासताना ऱ्हस्व-दीर्घाच्या मागे लागू नका. पान भरून लिहिलं, हेच पुष्कळ. एरवी ज्याच्याकडून दोन ओळी निघत नाहीत ते मूल गाऱ्हाण्यात समुद्राकडून सायकल, बोट आणि शनिवारची सुट्टी मागून मोकळं होतं.

दुसरा दिवस: दिशा, नकाशा आणि भरती

सकाळी शाळा भरल्या भरल्या मैदानात एक सरळ काठी रोवा. सावलीच्या टोकावर खडा ठेवा. अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा खडा ठेवा. पहिल्या खड्यापासून दुसऱ्याकडे रेघ ओढली की ती ढोबळमानाने पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. दुपारपर्यंत खडे ठेवत राहा आणि सगळ्यात आखूड सावली कधी पडते ते शोधायला सांगा. सगळे 'बारा वाजता' म्हणतात. पण कोकण भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशापासून बरंच पश्चिमेला आहे, त्यामुळे जानेवारीच्या मध्याला आपल्याकडे आखूड सावली पडते ती पाऊण वाजण्याच्या सुमारास. ती सावली उत्तर दाखवते. होकायंत्र असेल तर ताडून बघा.

नकाशासाठी शाळेचा परिसर पावलांनी मोजून कागदावर उतरवायचा. विहीर, हातपंप, फणस, स्वयंपाकघर, फाटक. मोठ्या मुलांनी प्रमाण ठरवायचं, लहानांनी चित्रं काढायची. नकाशा दुसऱ्या राहुटीच्या हातात देऊन लपवलेली वस्तू शोधायला लावली की चुका मुलांच्या लगेच लक्षात येतात, आपल्याला लाल शाई लागत नाही.

जागा असेल तर याला जोडून एक मोठं काम घ्या. कोकणातल्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळाच्या माळांवरची, कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. त्यांतला राजापूर तालुक्यातल्या काशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर बाय १३ मीटरचा आहे, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले आहेत. हत्तीच्या चित्रावर १८ बाय १३ चौकोन आखा. मैदानात अर्ध्या मीटरचा एक चौकोन धरून तेवढेच चौकोन सुतळीने पाडा. मग प्रत्येक मुलाने आपल्या वाट्याच्या चौकोनांतल्या रेघा रांगोळीने उतरवायच्या. शेवटपर्यंत कुणालाच पूर्ण हत्ती दिसत नाही. झाल्यावर सगळ्यांना पायरीवर किंवा चौथऱ्यावर उभं करून दाखवा. पोटातले प्राणी कुठले ठेवायचे ते मुलांनी ठरवावं. तुमच्या गावाजवळ, उक्षीला किंवा कुडोपीला प्रत्यक्ष शिल्प असेल आणि बघायला नेणार असाल, तर रेघांवर पाय देऊ नये, खडू-रांगोळी भरू नये, हे निघण्याआधीच सांगा.

आता भरती. प्रश्न असा ठेवा: आपली राहुटी खरोखर पुळणीवर मारली तर पाणी कधी येईल? कोळी-गाबीत घरांतल्या मुलांना हिशोब माहीत असतो, त्यांनाच फळ्यापाशी बोलवा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच गुणिले तीन चतुर्थांश, म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन प्रत्येक राहुटीने आठवड्याच्या वेळा काढायच्या. अपूर्णांकांचा गुणाकार इतका कामाचा असू शकतो हे चौथी-पाचवीच्या मुलांना इथे पहिल्यांदा पटतं.

हा आडाखा मुंबईच्या आसपास चांगला जुळतो. दक्षिण कोकणात पाणी त्याहून थोडं आधी चढतं, आणि खाडीत आत गेलं की वेळ पुन्हा बदलते. तुमच्या गावात फरक किती, हे मुलांनी घरच्या माणसांना विचारून किंवा जेटीवर बघून नोंदवायचं. दुसऱ्या दिवशी भरती साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, हेही त्यातच दिसतं. अमावस्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या आसपासचा भांग यांत पाण्याची रेघ किती मागे-पुढे होते ते बघायला किनाऱ्यावर जायचं असेल तर ओहोटीच्या वेळी, पालक सोबत घेऊन, आणि पाण्यात कुणीही उतरणार नाही या अटीवर.

तिसरा दिवस: शिधा

वर्गात चूल पेटवायची नाही. तरीही स्वयंपाक होतो, कारण दडपे पोहे आहेत. पातळ पोहे, खोवलेलं ओलं खोबरं, नारळपाणी, कांदा, लिंबू, मीठ, साखर, कोथिंबीर. सगळं कालवून ताटलीने दडपून ठेवायचं. फोडणी हवीच असेल तर शाळेच्या स्वयंपाकघरातल्या ताई वरून घालतील. तीस मुलांच्या खाऊसाठी सव्वा किलो पातळ पोहे, चार-पाच नारळ, किलोभर कांदे, आठ-दहा लिंबं धरा. पण हे आकडे मुलांना सांगू नका. त्यांना एका राहुटीचं प्रमाण द्या आणि पाच राहुट्यांचं काढायला लावा. दुकानातले भाव आदल्या दिवशी त्यांनीच विचारून आणायचे. यादी, भाव, एकूण, उरलेले पैसे, सगळं नोंदवहीत. पोषण आहाराचं जेवण आटोपल्यावर हा खाऊ ठेवला तर उरतो, म्हणून बेत जरा आधी आखा. खोबरं किंवा आणखी काही कुणाला चालत नसेल तर ते आदल्या दिवशीच घरी विचारून घ्या. कांदा आणि नारळ यांच्यापाशी मोठं माणूस हवं. विळी फक्त ताईंच्या हातात.

गुणोत्तरासाठी कोकम सरबत. एका वाटी अमृत कोकमला तीन वाट्या पाणी, चार वाट्या, पाच वाट्या असे तीन तांबे करा, प्रत्येकाने तिन्हींतलं चमचाभर चाखायचं आणि मत द्यायचं. मतांचा चित्रालेख काढायचा. त्याऐवजी कोकमाचं आगळ वापरणार असाल तर मिठाचं बघा. ते खारवलेलं असतं आणि मुलं तोंड वाकडं करतात, त्यालाही एक मत धरा.

चौथा दिवस: वर्गात रात्र

खिडक्यांना चादरी लावा. पत्र्याच्या डब्याच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडून आत टॉर्च धरला की छतावर तारे पडतात. भोकं मोठ्या माणसाने पाडायची, कुठे पाडायची ते मुलांनी ठरवायचं. चार डबे पुरे: मृग, कृत्तिका, सप्तर्षी, शर्मिष्ठा. डबा उलटा धरला जातो तेव्हा नक्षत्रही आरशातल्यासारखं उलटं पडतं, म्हणून आराखडा कागदावर काढून, कागद पालटून मग भोकं पाडा.

पण डब्यातले तारे ही फक्त तयारी. खरं काम रात्री घरी. जानेवारीत आठच्या सुमारास पूर्वेला मृग चांगला वर आलेला असतो, त्याच्या पोटातले तीन तारे एका रेषेत दिसतात. ती रेषा खाली वाढवली की व्याध, वर वाढवली की रोहिणी, आणखी पुढे कृत्तिकांचा पुंजका. कृत्तिकांत प्रत्येकाला किती तारे दिसतात ते मोजून आणायचं. सप्तर्षी त्या वेळी वर आलेले नसतात, म्हणून ध्रुव शोधायला शर्मिष्ठेचा आधार घ्यायचा. उत्तरेला हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश. आपल्या किनाऱ्यावरून ध्रुव क्षितिजाच्या वर सोळा-सतरा अंशांवर असतो, म्हणजे दोन मुठींच्या थोडं खाली. रायगडकडे तो दीड-दोन अंशांनी वर असेल. का, ते शाळेत वरचे वर्ग असतील तर सातवीच्या मुलांना विचारा.

दुसरं रात्रीचं काम कानांचं. घरातल्या मोठ्या माणसाबरोबर खळ्यात पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि आवाज कुठल्या दिशेने आले ते कागदावर मांडायचं. मध्ये आपण, भोवती आवाज. रातकिडे, टिटवी, घुबड, कोल्हेकुई, दूरचा ट्रक, समुद्राची गाज. सकाळी सगळे कागद गावाच्या मोठ्या नकाशावर लावले की कुठल्या वाडीपर्यंत गाज पोचते हे दिसतं.

अंधारात भुतांचा विषय निघतोच. देवचार, वेताळ, गिरा सगळे हजेरी लावतात. तो विषय दाबू नका, पण पहिली-दुसरीची मुलं बाहेर खेळत असताना घ्या. गोष्ट ऐकलेली असेल तर कुणाकडून, सांगणाऱ्याने स्वतः पाहिलं का, की त्यालाही कुणी सांगितलं, हे तीन प्रश्न प्रत्येक गोष्टीला विचारायचे. आमच्या अनुभवात तिसऱ्या प्रश्नापाशी बहुतेक भुतं गळतात.

पाचवा दिवस: पहारा आणि दवापेटी

या दिवशी राहुट्या कासवांच्या घरट्यांवर पहारा देतात. मंडणगड तालुक्यातलं वेळास, सिंधुदुर्गातलं वायंगणी, तांबळडेग इथे गावकरी ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखतात, हे मुलांनी ऐकलेलं असतं. वर्गात टोपलीत वाळू भरा, त्यात कागदाचे गोळे पुरा. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि पिल्लं बाहेर यायला ढोबळमानाने ४५ ते ६० दिवस लागतात. घरटं अमुक तारखेला मिळालं, तर पिल्लांची वाट कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत बघायची, हे प्रत्येक टोपलीसाठी काढायचं. महिन्यांचे दिवस मोजताना मुलं हमखास अडखळतात, तिथे थांबा.

पहाऱ्याची पाळी दहा मिनिटांची. पाळी बदलताना बोलायचं नाही, फक्त नोंदवही द्यायची. मध्येच एखादा गोळा काढून घ्या, कोल्ह्याची पावलं उमटवा, टोपलीची जागा बदला. पुढच्या पाळीला कधी काय झालं ते वाचून सांगता आलं, तर नोंद चांगली. 'सगळं ठीक आहे' लिहिणाऱ्या गटाचा त्या दिवशी चांगलाच गोंधळ उडतो, आणि पुढच्या वेळी ते वेळ, खूण, दिशा सगळं लिहितात.

उरलेल्या वेळात दवापेटी. आपल्या कातळावर फुरसं आणि विंचू आहेत, त्यामुळे हा भाग खेळासारखा उरकू नका. साप चावला तर पळायचं नाही, चावलेला अवयव हलवायचा नाही, ब्लेडने कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही. मोठ्या माणसाला हाक मारायची, १०८ ला फोन करायचा, जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा रुग्णालयात पोचायचं. सापाला मारायला किंवा धरायलाही थांबायचं नाही. विंचवाचंही तेच, लहान मुलाला तर ताबडतोब न्यायचं. लाल विंचवाच्या दंशाने एके काळी कोकणात मुलं दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन या औषधाचा त्यावर उपयोग होतो हे दाखवलं आणि ते चित्र पालटलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यातल्या एका डॉक्टरने नोंदी ठेवत ठेवत हे शोधलं, ही गोष्ट पहाऱ्याच्या नोंदवहीनंतर लगेच सांगितली तर मुलं कान देऊन ऐकतात. मग दोन बांबू आणि एक चादर घेऊन झोळी बनवायची आणि सगळ्यात हलक्या मुलाला चौघांनी वर्गाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्यायचं. आधी रिकामी झोळी ओढून गाठी तपासा.

शनिवार: शेकोटी

पालकांना बोलवा, पण खरी शेकोटी नको. या दिवसांत सड्यावरचं गवत वाळलेलं असतं, आणि एका ठिणगीने पेटलेल्या वणव्यात काजू-आंब्याच्या बागा जातात हे इथे कुणाला नव्याने सांगायला नको. करवंट्या रचून आत टॉर्च ठेवा, वर लाल-केशरी जिलेटिन कागद. भोवती बसून प्रत्येक राहुटीने आपली एक वस्तू आणायची: गाऱ्हाणं म्हणायचं, नकाशा दाखवायचा, भरतीचं कोष्टक समजावायचं किंवा पहाऱ्याची नोंद वाचायची. नाच-गाणी हवी तर शेवटी दहा मिनिटं. ती आधी ठेवली की नोंदवह्या कुणी ऐकत नाही.

आजी-आजोबांपैकी कुणी माळ्यावर जागलं असेल, होडीवर रात्र काढली असेल, त्यांना बोलतं करा. मुलांनी आदल्या दिवशी प्रश्न लिहून ठेवलेले असावेत. 'तुम्हाला कसं वाटलं?' असले प्रश्न खोडून टाका. 'रात्री झोप येऊ नये म्हणून काय करायचात?', 'डुक्कर आलं हे कशावरून कळायचं?' असे राहू द्या.

नोंदी

प्रत्येक मुलाच्या प्रगतीच्या वर्णनात्मक नोंदी आठवडा संपल्यावर आठवून लिहू नका. खिशात कागद ठेवा आणि त्या त्या वेळी एक ओळ टिपा. 'गणितात प्रगती चांगली' यापेक्षा 'ताडपत्रीची कड तीन फुटांवर येईल असं न मोजता सांगितलं, कारण विचारल्यावर दोरीकडे बोट केलं' ही ओळ पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला जास्त सांगते. रोज पाच मुलांवर लक्ष ठेवलं तर सहा दिवसांत वर्ग पुरा होतो.

आवरणं

राहुटी उतरवायला शनिवारचा शेवटचा तास राखून ठेवा, आणि तेही मुलांचंच काम. गाठी सोडायच्या, कापायच्या नाहीत. दहा बाय बाराची ताडपत्री अर्ध्यात, पुन्हा अर्ध्यात, पुन्हा अर्ध्यात दुमडली की तिचा कितवा भाग उरला आणि किती पदर झाले, हे दुमडतानाच विचारा. ओली असेल तर वाळवूनच घडी घाला, नाहीतर बुरशी धरते आणि पुढच्या वर्षी कुणी देत नाही. साड्या झटकून, चिमटे मोजून, ज्यांच्या घरून आल्या त्यांच्या यादीवर खूण करत परत पाठवा. प्रत्येक वस्तूबरोबर त्या राहुटीने लिहिलेली चिठ्ठी द्या: कुणाची वस्तू, कशासाठी वापरली, फाटली-डागाळली असेल तर कुठे.